हँडलवाली नंदाबाई

भाजे गावात नंदाबाई तीन आहेत. एक पोस्टमनची, एक लेण्यांच्या पायऱ्यांपाशी कणसं भाजून विकणारी, आणि तिसरी ही. हिचा पत्ता विचारला की माणूस आधी हसतो, मग विचारतो, "हँडलवाली का?" ती हीच. वय साठीला टेकलेलं, अंगानं काटक, उजवा दंड डाव्यापेक्षा दोन बोटं जाड. तो दंड कशानं जाड झाला ते सांगितल्याशिवाय ही बाई कळायची नाही.

तीस वर्षांमागं तिच्या नवऱ्यानं, भिमाजीनं, एक जुनं डिझेल इंजिन आणि भात मळायचं यंत्र आणलं. लोखंडी चाकांच्या गाड्यावर इंजिन, त्याला पट्टा, पट्ट्याला मळणी यंत्र. हँडल मारून सुरू करायचं. पहिल्याच हंगामात हँडल उलटं फिरलं आणि भिमाजीच्या मनगटाचे दोन तुकडे झाले. खळ्यावर भाऱ्यांची रास, लोक ताटकळलेले, आणि हा हात पोटाशी धरून बसलेला. नंदाबाई पाटी टाकून उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "सरका तिकडं." त्या दिवशी तिनं चौदा वेळा हँडल मारलं तेव्हा इंजिन लागलं. दुसऱ्या दिवशी नऊ वेळा. आठवड्यात तिसऱ्या फेऱ्याला इंजिन लागायला लागलं, आणि ते बघायला शेजारच्या गावांतली माणसं काही ना काही निमित्त काढून येऊ लागली. भिमाजीचं मनगट वाकडं ते वाकडंच राहिलं. मग काय, हँडल कायमचं बाईकडं आलं.

तिला शिकवलं भिकाजीनं. भिकाजी खालच्या आळीतला, देहूरोडच्या लष्करी डेपोत फिटर होता. मळवलीहून रोज गाडीनं जायचा. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "वहिनी, आंगठा दांड्याभवती गुंडाळू नका. चारी बोटांच्या बाजूलाच ठिवा. उलटं फिरलं तर हात सुटतो, मोडत न्हाई." नंदाबाईनं ते असं मनावर घेतलं की आजही ती पाण्याची कळशी तशीच उचलते.

इंजिनाचे गुण गायचं कारण नाही. ते धूर ओकायचं, तेल गळायचं, थंडीत सकाळी तर माणसाचा जीव मेटाकुटीला आणायचं. पण रुसलं तर का रुसलं ते कळायचं. डिझेलात पाणी गेलं, नाहीतर हवा धरली, नाहीतर पट्टा सैल पडला. चौथं कारण नव्हतं. भिकाजी पाना घेऊन यायचा, नंदाबाई शिव्या घेऊन यायची, आणि दोघांच्या मध्ये ते कधीतरी ठोके टाकायला लागायचं.

आता कैलास. हा नंदाबाईचा मुलगा, आंबीला कारखान्यात कामाला. तिथं म्हणे सगळी यंत्रं आपणहून चालतात आणि माणसानं नुसतं पडद्याकडं बघायचं. घरी आलं की त्याला इंजिनाची लाज वाटायची. मजूर मिळत नाहीत, बायका शनिवार-रविवारी लेणी बघायला येणाऱ्यांना भाकरी-पिठलं करून घालतात, कापणीला कोण येणार, हे त्याचं पालुपद. त्यात खोटं काही नव्हतं म्हणून तर नंदाबाई जास्त चिडायची. शेवटी त्यानं भात कापायचं यंत्र आणलंच. रबरी पट्ट्यांवर चालणारं, लालभडक, पुढून कापतं आणि मागून दाणे वेगळे काढतं. वर बसायला मऊ खुर्ची, समोर पडदा, आणि पडद्याच्या आत एक हिंदी बोलणारी बाई.

दसऱ्याच्या चार दिवस आधी ते आलं. कंपनीचा माणूस येऊन चालवून दाखवून गेला. कोपऱ्यातलं हळवं, लवकर येणारं भात तयार झालेलं होतं, ते यंत्रानं चहा उकळायच्या आत कापून पोत्यात टाकलं. नंदाबाई बांधावर उभी होती. सून सविता म्हणाली, "आत्या, बगा की, आपला पाच बायांचा दीस वाचला." तेव्हा नंदाबाई पोत्यात हात घालून दाणे चाचपत म्हणाली, "तूस जरा जास्त येतंय." तूस काही जास्त येत नव्हतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलली.

आणि खरं सांगायचं तर मनातून ती हरखलीच होती. खंडेनवमीला नेहमी इंजिनाची पूजा व्हायची. फिरत्या चाकावर तीस वर्षांच्या कुंकवाचा थर साचलेला, खरवडला तर पापडाएवढा निघेल. यंदा पहिला मान लाल यंत्राला मिळाला. झेंडूचा हार, आंब्याचा डहाळा, चारी बाजूंना हळदीकुंकवाची बोटं. नंदाबाई कुंकू तेलात कालवते, म्हणजे ते टिकतं. यंत्राच्या कपाळाशी, दोन दिव्यांच्या बरोबर मध्ये, रुपयाएवढी एक काळी गोल काच होती. कंपनीनं टिळ्याला जागा सोडावी तशी. नंदाबाईनं तिथं मधल्या बोटानं ठसठशीत कुंकू लावलं, वर हळद लावली, आणि लांब होऊन हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मग इंजिनाकडं वळली आणि राहिलेलं कुंकू त्याच्या चाकावर फासलं.

त्याच संध्याकाळी पारावर कैलासनं जाहीर केलं, "यंदा आम्ही सावडीत नाही." सावड म्हणजे आज तुमी आमच्यात या, उद्या आमी तुमच्यात येतो. भाज्यात कापणी अशीच होते. नंदाबाई पंचेचाळीस वर्षं त्या सावडीत होती. तिनं बोलायला हवं होतं. ती बोलली नाही. भिकाजीची बायको हिरा, तिची लावणीपासूनची जोडीदारीण, तिच्याकडं बघत होती, आणि नंदाबाई बांगड्या सारखी करत बसली.

दिवाळी झाली. गरवं, उशिरा येणारं भात पिकून पिवळंधमक झालं. चार खाचरं, वर्षाचं खायचं आणि पुढचं बियाणं त्यातच. लोंब्या वजनानं खाली आलेल्या. आणि मोबाइलवर बातमी, बुधवारी संध्याकाळनंतर जोराचा पाऊस. भात उभं असताना असा पाऊस झाला की ते आडवं पडतं, आणि आडवं पडलं की चार दिवसांत लोंबीलाच मोड येतात. मग ते गुरंही नीट खात नाहीत.

"काळजी कसली, सोमवारी अर्ध्या दिवसात उरकतो," कैलास म्हणाला आणि त्यानं एका दिवसाची रजा टाकली.

सोमवारी सकाळी ताडपत्री निघाली. यंत्र ऐटीत रस्त्यानं निघालं, देवळापासून वळलं, खाचरात उतरलं. कैलासनं कापायचा खटका ओढला. यंत्र टुंग करून थांबलं. पडद्यावर तांबडं चिन्ह, एकतीस आकडा, आणि आतली बाई म्हणाली, "कृपया सेवा केंद्र से संपर्क करें."

पुन्हा सुरू केलं. पुन्हा टुंग. मागं घेतलं तर चाललं, रस्त्यावर चाललं, बांधाला वळसा घातला. भाताकडं तोंड करून खटका ओढला की टुंग.

"आरं तिला इचार काय झालंय," नंदाबाई म्हणाली.

"ती फक्त सांगते, आई. तिला विचारता येत नाही."

"मंग आमच्या शेतात कशाला बडबडती."

भिकाजी बांधावर येऊन उभा राहिला होता. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी खिशात फडकं असतंच. तो पुढं झाला, यंत्राभोवती एक फेरी मारली, दिव्यांपाशी वाकला, आणि फडकं काढून त्या काळ्या काचेकडं हात नेला.

"भाऊ, ऱ्हाऊ द्या," नंदाबाई एकदम म्हणाली. "दसऱ्याचं कुंकू हाय. पुसायचं न्हाई."

आणि वरनं कैलास ओरडला, "काका, हात लावू नका, वॉरंटी जाते. कंपनीशिवाय कुणी हात लावायचा नाही असं कागदावर आहे."

भिकाजीनं फडकं घडी करून खिशात घातलं. "बरं," म्हणाला आणि विडीसुद्धा न पेटवता घरी गेला.

मग फोन. हिंदीसाठी एक, इंग्रजीसाठी दोन, मराठीसाठी तीन. कैलासनं तीन दाबलं, पलीकडून माणूस हिंदीत बोलला. त्याला यंत्राचा सतरा आकडी नंबर हवा होता. तो नंबर यंत्राच्या पोटाखाली. सविता आडवी होऊन एकेक आकडा ओरडून सांगत होती, कैलास तो फोनमध्ये ओरडत होता. भाज्यात डोंगराच्या आडोशाला फोन मध्येच जातो. तो गेला. पुन्हा तीन दाबा, पुन्हा नवा माणूस, पुन्हा सतरा आकडे.

"मशीन के सामने कोई खड़ा है क्या?" माणसानं विचारलं.

कैलासनं मान वर केली. समोर नंदाबाई कमरेवर हात ठेवून उभी. "आई, बाजूला हो जरा."

ती बाजूला झाली. टुंग.

"आता मी का वाऱ्यावर उबी ऱ्हाऊ?" नंदाबाई म्हणाली. स्वतःच्या शेतात यंत्रानं बाजूला हो म्हणावं, हे तिला भलतंच झोंबलं.

"सेन्सर साफ है ना?" माणूस म्हणाला.

"नवीन मशीन आहे साहेब, पंचवीस दिवस ताडपत्रीत होती. साफच आहे," कैलास खुर्चीतून न उतरता म्हणाला.

तक्रार नोंदली गेली. इंजिनिअर अठ्ठेचाळीस तासांत येईल. नंदाबाईनं बोटांवर मोजलं. अठ्ठेचाळीस तास म्हणजे बुधवार दुपार, आणि पाऊस बुधवार संध्याकाळचा.

मंगळवारी कंपनीचा फोन आला की यंत्राच्या आतलं काहीतरी जुनं झालंय, ते फोनवरून नवं उतरवून घ्या. आणून महिना नाही झाला आणि आतलं जुनं झालं. नंदाबाईनं हे तीनदा विचारून घेतलं आणि तिन्ही वेळा कपाळाला हात लावला. खाचरात फोनला ताकद नाही, म्हणून कैलास मोटारसायकलवर मळवली स्टेशनात जाऊन बसला. दोन तास फलाटावर बसून ते उतरवलं, घेऊन आला, यंत्राला जोडलं. पडदा काळा झाला, पांढरा झाला, निळा झाला. मग आतली बाई पहिल्यापेक्षा गोड आवाजात म्हणाली, "कृपया सेवा केंद्र से संपर्क करें."

"आवाज तेवडा सुदारला," भिमाजी बांधावरून म्हणाला. दिवसभरातलं त्याचं हे एकच वाक्य. नंदाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं दुसरं काढलं नाही.

लोणावळ्याच्या अंगाला आभाळ काळवंडत चाललं होतं. संध्याकाळी नंदाबाई खाचराच्या कडेनं एकटीच फिरली. लोंबी हातात घेतली, दाणा दाताखाली फोडला. आणखी दोन दिवस उभं ठेवलं तरी आपणहून गळायला लागेल असा पिकलेला. तिला रडू येईना, राग येत होता, आणि राग काढायला समोर माणूस नव्हता. इंजिनाला लाथ मारता यायची. ह्याला लाथ मारली तर वॉरंटी जाणार. घरी येऊन ती कैलासला म्हणाली, "इंजिन बाहेर काड."

"आई, ते भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. गुरुवारी येतोय तो देहूरोडवरनं."

"गुरुवार उद्या न्हाई. काड."

इंजिन निघालं, पण भात कोण कापणार? भाज्यातल्या कापणाऱ्या बायका कुणाच्या ना कुणाच्या सावडीत बांधलेल्या. नंदाबाईनं चपला घातल्या आणि खालच्या आळीत गेली. हिराच्या ओट्यावर जाऊन बसली तेव्हा काय बोलायचं ते तिनं ठरवलेलं होतं, आणि बसल्यावर ते सगळं विसरलं. हिरा तांदूळ निवडत होती. तिनं सुपातून मान वर केली नाही.

"मशीन बंद पडलं," नंदाबाई म्हणाली.

"आयकलं."

"उद्या पाऊस हाय."

"त्येबी आयकलं."

शेवटी नंदाबाईच म्हणाली, "पारावर कैलास बोलला तवा मी गप ऱ्हायले. माझं चुकलं, हिरा. मला वाटलं, आता आपलं भागलं."

हिरानं सूप खाली ठेवलं. "मला तुज्या मशीनचा राग न्हाई आला. पन तू माज्याकडं बगितलं न्हाईस तवा. त्येचा आला." मग उठून आतल्या अंगाला हाक मारली, "आवं, पाने काडून ठिवा. उद्या ह्येंच्या इंजिनाकडं जायचंय." आणि नंदाबाईला म्हणाली, "बाराजणी येतील. उद्या आमची पाळी व्हती, ती मागं ढकलते. पन बारा घरी तुला यावं लागंल. तुला, मशीनला न्हाई."

"येती," नंदाबाई म्हणाली.

बुधवारी दिवस उगवायला बाराजणी खाचरात उतरल्या. कापलेलं वाळवायला वेळ नव्हता, कापायचं आणि लगेच मळायचं. भिकाजीनं डिझेलची नळी सोडून फुंकली, हवा काढली, पट्टा घसरू नये म्हणून त्याला राळ लावली. कोंबड्यांनी इंजिनावर वर्षभर केलेली घाण सविता घासून काढत होती. कैलासनं तिसऱ्या दिवसाचीही रजा टाकली होती आणि भारे वाहत होता.

नंदाबाईनं हँडल घातलं. आंगठा चार बोटांच्या बाजूला. एक, दोन, तीन. काही नाही. पुन्हा. धुराचा एक लोट आणि पुन्हा शांत. बायका विळे थांबवून बघायला लागल्या. सातव्या वेळेला हँडल उलटं फिरलं, हातातून सुटलं आणि तिच्या कोपराला घासून गेलं. भिमाजी जागचा उठला.

"बसा तुमी," ती म्हणाली. "तुमचं झालंय त्येच्याशी बोलून."

मग तिनं इंजिनाला जे काही सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यात त्याच्या कंपनीपासून भंगारवाल्यापर्यंत सगळे आले, लाल यंत्रातली हिंदी बाईही आली. दंड दुखत होता, धाप लागली होती, साठाव्या वर्षी हे नशिबी यावं याचा संताप संताप झाला होता. त्या संतापातच तिनं अकरावा फेरा मारला आणि इंजिन लागलं. ठोके जमले, पट्टा फिरला. बायका पुन्हा वाकल्या.

दुपार टळेपर्यंत तीन खाचरं उरकली. त्यात दोनदा पट्टा उतरला आणि एकदा डिझेल संपलं, पण ते कुणी मनावर घेतलं नाही. राहिलं ते खालचं मोठं खाचर, सगळ्यांत मोठं, बियाण्याचं. नंदाबाईनं बियाण्यासाठी निवडून लावलेलं भात त्यात होतं. बायकांच्या कमरा मोडल्या होत्या. आणि वारा सुटला. ओल्या मातीचा वास घेऊन लोणावळ्याकडून आला, म्हणजे पाऊस तासाभरावर. हातांनी ते खाचर व्हायला तीन तास तरी लागले असते.

त्या वेळी कंपनीची गाडी आली. इंजिनिअर उतरला, गौरव नाव, पुण्याचा, पायात पांढरे बूट. "सॉरी, हायवेला अडकलो," म्हणाला. लॅपटॉप काढला, यंत्राला वायर लावली. नंदाबाई त्याच्याकडं बघेना. तिनं विळा घेतला आणि मोठ्या खाचरात उतरली. जेवढं हातानं निघेल तेवढं.

पंधरा मिनिटं तो लॅपटॉपमध्ये बघत होता. मग उठला, यंत्राच्या समोर गेला, वाकला. "फडकं आहे का कुणाकडं?"

भिकाजीनं खिशातलं फडकं काढून दिलं. इंजिनिअरनं दोन दिव्यांमधली ती काळी काच पुसली. तेलातलं कुंकू, एका फटक्यात निघालं नाही. थुंकी लावून तीनदा पुसलं. "हा यंत्राचा डोळा आहे," तो म्हणाला. "कापताना समोर माणूस आला तर यंत्र थांबतं. ह्याला वाटत होतं, समोर कायम कुणीतरी उभं आहे. मारा खटका."

कैलासनं खटका ओढला. टुंग झालं नाही. पाती फिरायला लागली.

खाचरात वाकलेली नंदाबाई सरळ झाली. इंजिनिअरच्या हातातलं फडकं लाल झालं होतं, वरती थोडं पिवळं. बाराही बायकांनी ते बघितलं. कैलासनं बघितलं आणि आईकडं बघायचं टाळलं. तिला एकदम सोमवार आठवला, भिकाजी वाकलेला, त्याचा काचेकडं गेलेला हात.

"सरका आत्या," सविता म्हणाली, "मशीन येतंय."

यंत्र आलं. पंचवीस मिनिटांत बियाण्याचं खाचर रिकामं झालं. दाणा स्वच्छ, तूस नाही, पोती तोंडापर्यंत. इतकं चोख काम की बघून अंगाची लाही व्हावी. सोमवारी सकाळी हे झालं असतं तर ना स्टेशनात बसावं लागलं असतं, ना सतरा आकडे ओरडावे लागले असते, ना हँडल. शेवटचं पोतं ओट्यावर चढलं आणि पत्र्यावर थेंब वाजायला लागले.

पडवीत सगळे दाटीवाटीनं चहा घेत होते. इंजिनिअरनं कागद भरला आणि सहीसाठी पुढं केला. नंदाबाई चौथी शिकलेली, सही करण्याआधी वाचते. "बिघाडाचं कारण, बाहेरील पदार्थ," तिनं मोठ्यानं वाचलं.

"तसंच लिहायची पद्धत आहे, मावशी. काहीही असू शकतं, धूळ, चिखल."

"धूळ न्हाई आन चिखल न्हाई. माज्या हातचं कुंकू हाय. तसं लिवा, नंदाबाईनं कुंकू लावलं."

"राहू दे गं आई," कैलास म्हणाला. "मी तरी कुठं उतरून बघितलं. साफ आहे म्हणून सांगून मोकळा झालो."

"तुजं तू दुसऱ्या कागदावर लिव." मग ती भिकाजीकडं वळली. "भाऊ, तुमी सोमवारीच पुसत व्हता."

"व्हय."

"मंग बोलला का न्हाई? माज्यावर आवाज चडवायचा व्हता."

भिकाजीनं बशीतला चहा संपवला. "तुमी म्हनला पुसायचं न्हाई. तुमच्या घरची पूजा. त्यात आमी कसं बोलायचं, वहिनी."

तीस वर्षं ज्या माणसाचं ऐकून तिचं मनगट शाबूत राहिलं, त्याला तिनं एका शब्दानं परकं करून टाकलं होतं. तिनं इंजिनिअरनं ठेवलेलं ते लाल फडकं उचललं, साबण लावून चोळचोळ चोळलं, पिळलं आणि भिकाजीच्या हातात दिलं. "पुढच्या खेपेला पुसायचं," म्हणाली. "मी आडवी आले तरी."

तो पाऊस दोन दिवस राहिला, पण जोर लोणावळ्याच्या अंगाला सरकला आणि खालच्या आळीतलं भात वाचलं. गुरुवारी आलेल्या भंगारवाल्याला नंदाबाईनं दारातूनच परत लावलं. शनिवारी ऊन पडलं. सावडीतलं पहिलं घर हिराचं. नंदाबाईनं विळा कमरेला खोचला आणि निघाली, तर मागून कैलास यंत्र घेऊन दारात आलेला.

"मीही येतो. काकांच्या खाचरात तासाचं काम आहे."

"मला बोलावलंय, मशीनला न्हाई," नंदाबाई म्हणाली. पण म्हणता म्हणता तांब्या आणि फडकं घेऊन यंत्रासमोर गेली आणि काच घासून, कोरडी करून, वाकून आपलं तोंड दिसतंय का ते बघितलं. मग तिथंच घुटमळली. यंत्र पहिल्यांदा दुसऱ्याच्या शेतात चाललेलं आणि मोकळ्या कपाळानं, हे तिला बघवेना. ती घरात गेली, कुंकवाचा करंडा घेऊन आली.

"आई, नको," कैलास खुर्चीतून म्हणाला.

"तू खाली वाक."

तो वाकला. तिनं मधलं बोट बुडवलं आणि त्याच्याच कपाळावर ठसठशीत टिळा लावला. "ह्यो बंद पडला तर माजा मला चालू करता येतो," ती म्हणाली आणि विळा सावरत पुढं चालू लागली.

दुपारी आंबीच्या कारखान्यातून बोलावणं आलं तेव्हा कैलास तसाच टिळा घेऊन पाळीवर गेला. तिथं सगळ्यांनी विचारलं, पण त्यानं तो पुसला नाही.